बाकी

कळमना रोडवरच्या धर्मकाट्याचा कॉम्प्युटर
एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात गेला.
कूलरच्या खाली होता, दोन उन्हाळे ठिबकत होतं म्हणे.
उमाटे भाऊंनी बर्डीवरून नवा आणला,
पातळ, काळा, पाठीला नऊ दातांचं तोंडच नसलेला,
आणि मला फोन केला :
ताई, तोल उघडून नाही राहिला.

तोल म्हणजे प्रोग्राम. राखाडी खिडकी, चार बटणं :
भरली गाडी, रिकामी गाडी, पावती, बंद.
नव्व्याण्णव साली कोणा तितरमाऱ्यांनी लिहिलेला.
चार बटणांच्या पलीकडे त्याला जग नव्हतं
आणि काट्यालाही नव्हतं.

नव्या घरात त्याला उभं राहता येईना.
एक तुकडा सापडत नाही, म्हणाला. दिला.
मग दुसरा.
जुन्या डिस्कवरून उकरून काढल्या एकेक
ओसीएक्स शेपटाच्या फायली,
बत्तीस बिटांच्या बिऱ्हाडात नेऊन ठेवल्या,
काळ्या खिडकीत, मालकाच्या हक्काने, प्रत्येकीची नोंद केली
जशी रेशनकार्डावर सून चढवतात.
मग त्याला सांगितलं, घाबरू नको, हे एक्सपीच आहे अजून.
तेवढ्या खोट्यावर तो उठून बसला.

वजन मात्र येईना.
तो फक्त पहिल्या पोर्टशी बोलतो
आणि नव्या मशीनने काट्याच्या वायरीला
सातवा नंबर दिलेला.
सातव्याला पहिला म्हणायला लावलं.
धर्मकाट्यावर बसून सकाळपासूनचं
हे माझं दुसरं खोटं.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि भिवापुरी मिरचीच्या तीन गाड्या.
ड्रायव्हर शिंकत होते, हमाल शिंकत होते,
भाऊ दर पाच मिनिटांनी म्हणत, झालं का?
आणि तेव्हा स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उगवली,
इंग्रजी अक्षरांत मराठी :
नवीन मशीन दिसते. मला फोन करा. तितरमारे.
खाली नंबर. सहा आकडी.

"हा काऊन लागन बे आता," दारातला हमाल हसला.
मी थोडा वेळ त्या सहा आकड्यांकडे पाहत बसले.
मग त्यांच्यापुढे एक दोन लिहिला,
शहराने कधीतरी सगळ्यांच्याच पुढे लिहिला होता तसा.
रिंग गेली.

बाई होत्या. आवाज मागच्या खोलीतून आल्यासारखा.
"ते नाहीत. बारा वर्षं झाली. कोणता काटा तुमचा?
थांबा, वही आहे."
लोखंडी कपाट वाजलं. पानं वाजली.
"वाडी... बिनाकी... कामठी रोड... हाव, कळमना.
लिहा बाप्पा. बी, ए, के, आय.
मग एक, आठ, शून्य, शून्य."

लिहिलं. चौकट मिटली.
खोलीत कूलर तेवढा बोलत राहिला.
"बाबाच्या टायमाचं असन," भाऊ म्हणाले.
आणि जरा वेळाने, कुणी विचारलं नसताना,
"मलेही माहीत होतं."

पंचवीस वर्षं या पत्र्यावरून गाड्या गेल्या,
गव्हाच्या, तुरीच्या, सळाखींच्या,
भंगाराच्या, एकदा तर सर्कशीच्या,
आणि हे अठराशे कुठल्याच पावतीत उतरले नाहीत.

मिरचीची पहिली गाडी चढली.
आकडे धावले, थरथरले,
चौदा हजार दोनशे साठवर बसले.
प्रिंटरचं अजून बाकीच होतं, पावती मी हाताने लिहिली.

भाऊ म्हणाले, तो नंबर लावा पुन्हा.
लावला. आधी दोन, मग सहा.
गल्ला उघडून ते नोटा मोजत होते,
अठराशेवर थांबले, मग अंगठ्याला थुंकी लावून
पुढे मोजू लागले.
"पंचवीस वर्षांचं काय लावतात, ताई?"
मला काय विचारता, म्हणणार होते,
पण मिरची नाकात गेली,
आणि मी शिंकेपर्यंत
तिकडे कोणीतरी फोन उचलला.