काटा

वडनेर रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये
वजनकाट्याची एक खोली आहे, पत्र्याची.
तिथं आमचा क्लास.
ढुमणे सर दिवसभर कापसाच्या गाड्या मोजत
आणि साडेपाचनंतर आम्हाला.

पट एकच, रेक्झिनचा, घडीवर चिरलेला.
प्यादं त्या चिरेवर आलं की जरासं कलायचं,
तरी पुढे जायचं.
काळा हत्ती कधीचाच हरवला होता.
त्याच्या जागी पितळी वजन, शंभर ग्रॅमचं.
गुणवंत म्हणायचा, बाकीचे मारले की मेले,
हा मारला की हाताले समजते.

घड्याळ मात्र नवं, नागपूरचं,
सरांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं.
त्यावर सर स्वतःला एक मिनिट लावत, आम्हाला पाच.
आणि आम्ही रांगेनं हरायचो,
चार मिनिटं शिल्लक ठेवून हरायचो,
काय करायचं त्या मिनिटांचं हे कळायच्या आत.
"ज्या हातानं खेळी, त्याच हातानं घड्याळ," सर म्हणत,
"दोन हात कापूस वेचाले ठेवा."

वर्ध्याची निवड रविवारी होती.
शनिवारी सर्वांना घरी पाठवून सर म्हणाले,
आचल, तू थांब. आज बरोबरीनं. तीन-तीन मिनिटं.

तीन मिनिटं म्हणजे किती ते मला माहीत नव्हतं.
तोवर मी सरांना कधी विचार करताना पाहिलंच नव्हतं.
त्या दिवशी पाहिलं.
नाकातून श्वास, मिशीला चिकटलेला कापूस हलतो आहे,
आणि बोट हवेत, कुठल्या मोहऱ्यावर ते ठरत नाही.
माझा घोडा वजिरावर जाऊन बसला होता.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा.
हंगाम होता. ट्रॉली उभी, ट्रॉलीमागे ट्रॉली.
सर उठले.
मी घड्याळाकडे हात नेला, थांबवायला.
"हात काढ," दारातून म्हणाले, "ते चालू राहू दे."

खोलीत मी आणि त्यांचा वेळ.
एक चाळीस. एक एकोणचाळीस.
दुसऱ्याचा वेळ असा समोर सांडत असताना
बसून राहणं फार अवघड असतं,
दूध उतू जातंय आणि उठायचं नाही, तसं.
बाहेर काटा डुगडुगला, कोणीतरी "तीस किलो कमी" म्हणून भांडलं.
मी पट पाहू लागले.
वजीर इकडे गेला तर हे. तिकडे गेला तर ते.
सगळ्या वाटा जाऊन आले.
सरांच्या वेळात माझा विचार, फुकटचा.
मला वाटलं, हेच ते शिकवत होते इतके दिवस.

सर आले तेव्हा चार सेकंद होते.
बसले नाहीत. उभ्या उभ्या
पितळी वजन उचललं, मोकळ्या पट्टीत ठेवलं,
घड्याळ दाबलं. एक सेकंद उरला.
वजीर तिथंच. माझ्या घोड्याच्या तोंडात.

ही वाट मी गेलेच नव्हते.

माझ्याजवळ पन्नास सेकंद होते.
काहीही हलवलं असतं तरी चाललं असतं बहुतेक,
एका सेकंदात माणूस किती करणार.
वजीर तर मारायलाच ठेवला होता,
म्हणून मी मारला नाही.
का ठेवला?
तीस. का? अठरा.
मग माझा राजा दिसला, तीन प्याद्यांमागे कोंडलेला,
शेवटच्या ओळीत, दार नाही, खिडकी नाही.
आणि ते दिसलं तेव्हा घड्याळ वाजलं. माझं.

"हरली," सर म्हणाले.
"हाव."
"काहून खेळली नाहीस वो? एकच सेकंद होता माह्याजवळ."

मी कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे सरकवलं.
एवढंच. वेळ संपल्यावर.

सर खाली बसले.
घड्याळात आता कोणाचंच काही चालू नव्हतं.
बाहेर पुढच्या ट्रॉलीनं भोंगा दिला,
मग मागच्या तिघांनी मिळून दिला,
कोणीतरी पत्र्यावर थापा मारल्या, ओ काटेवाले.
सर पटावर वाकलेले,
बोट हवेत.