पॅक म्हणेपर्यंत

ढोमसे शेठनी विचारलं, चहा बशीत ओतता ओतता,
"हेमांगीताई, खरं सांगा, हे फॉक्सप्रो अजून किती वर्षं?"
जसं कुणी डॉक्टरला विचारावं
आतल्या खोलीतल्या माणसाबद्दल,
आवाज खाली आणून.

मी उत्तर दिलं नाही.
पोटमाळ्यावर प्रिंटर हिशोबपट्टी छापत होता,
तीन प्रती, मधली फिकट,
आणि खाली गाळ्यात कांद्याचं एक टरफल
पंख्याच्या वाऱ्यानं दारापर्यंत जाऊन परत येत होतं.

सत्त्याण्णव साली लिहिलं हे मी.
कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.
वहीच्या मागच्या पानांवर प्रोग्रॅम लिहायची,
आणि तुर्भ्याला येऊन, बाजार उठल्यावर, इथे बसून टाइप करायची.
क्लासमध्ये शिकवलेलं व्याज, पगार, मुलांचे मार्क.
तोलाई, वाराई, हमाली, घट
हे गेनू मापाड्याकडून शिकले.
ओल्या मालाला गोणीमागे घट किती,
ते त्यानं कांदा मुठीत दाबून सांगितलं.
मी ती मूठ जशीच्या तशी
एका इफमध्ये बसवली.

परवा ओजस आला, घणसोलीहून,
नवी सिस्टिम करायला, शेठच्या भाच्यानं पाठवलेला.
म्हणाला, मॅडम, बनवणाऱ्यांनीच हात वर केलेत कधीचे.
फाईल दोन जीबी झाली
की पुढे एक कांदासुद्धा मावणार नाही.
सगळं खरं. मला पाठ आहे.
हे शिकून नोकरी मिळेल का, त्यानं विचारलं.
नाही, मी म्हटलं.
(इतकं स्पष्ट शेठना कुठं सांगते.)

तरी तो वाचत बसला.
एका ओळीपाशी थांबला. रोमन अक्षरांत माझंच मराठी:
हमालीत पैसे उरले तर वरचा रुपया हमालाचा. शेठला विचारलंय.
आधी एक चांदणी.
"चांदणी लावली की मशीन ती ओळ सोडून देतं," मी म्हटलं.
"मग लिहिली कुणासाठी?"
तेव्हा तू जन्मला नव्हतास, बाबा.

मग माथाडींची फाईल.
नोंदी चारशे बारा,
पडद्यावर नावं एकोणसाठ.
"बाकीची?"
इथं डिलीट म्हटलं तरी माणूस जात नाही.
नावाला खूण पडते फक्त, आणि ते दिसेनासं होतं.
रिकॉल म्हटलं की उठून येतं.
खरंच पुसायचं तर पॅक म्हणावं लागतं,
ते मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही.
फाईल फुगलीय ती त्यानंही.
हे त्याला सांगितलं नाही.

त्यानं लपलेली नावं दाखवायला लावली.
पडदा भरला, वर सरकत राहिला,
पाटण, जावळी, पाटण, खटाव,
आणि मध्येच गेनू, खूण २००९ची,
त्याचा आठ रुपयांचा हिशोब बाकी.

खालून शेठचा आवाज, "काय ताई, किती वर्षं?"
"बघतोय," ओजसच ओरडला.
त्याच्या लॅपटॉपवर नवी, पांढरी, रिकामी फाईल,
वर एकच शब्द: घट.
"मूठ किती दाबायची, मॅडम?"

मी जिना उतरले,
फाटक्या गोणीतून एक कांदा उचलला,
वर येऊन त्याच्या हातात दिला.
कीबोर्डवरून हात काढ आधी, म्हटलं.