हवेचा हिशेब

सेन्योरा रेमेई, तुमचं पोट मी दोनदा पाहिलं.
एकदा सोमवारी सकाळी, अनशापोटी.
एकदा गुरुवारी संध्याकाळी,
ताटभर लेट्यूस खाऊन तुम्ही आलात तेव्हा,
कोटाची बटणं उघडी
आणि हातात तुमचीच टेप.

बार्सिलोनात, ग्रासियाच्या एका बोळात
वीस वर्षं लग्नाचे झगे शिवता तुम्ही.
गिऱ्हाइकांच्या कमरा तुम्हाला तोंडपाठ,
स्वतःची मात्र रोज दोन मापांची:
सकाळी एकोणऐंशी, रात्री ब्याण्णव.
वहीत तारखेनिशी मांडून आणलेली,
कारण आधीच्या तीन डॉक्टरांनी
तुमचं बोलणं वाऱ्यावर सोडलं होतं.

बसमध्ये पोरं उठून जागा देतात, म्हणालात,
सेहेचाळिसाव्या वर्षी!
"मी बसते. पाय तर दुखतातच."
आणि ऐन श्वास रोखायच्या क्षणी हसलात.
ते चित्र हललं. पुन्हा काढावं लागलं.

मग रात्री मी वायू मोजला.
एकेक काप उलगडत,
आतड्याच्या वळणावळणातले काळे कप्पे बेरजेला घेत,
सोमवारचे, मग गुरुवारचे.
फरक निघाला
कॉफीच्या लहान पेल्याएवढा.

एवढ्याशा हवेनं तेरा सेंटिमीटर?

खूप वेळ मी पोटातच शोधत होतो.
आम्ही सगळेच तिथे शोधतो.
उत्तर वरच्या मजल्यावर होतं:
छातीखालचा तो पातळ घुमट, श्वासाचा पडदा,
गुरुवारी खाली उतरून बसलेला,
आणि पुढची भिंत, जिनं सावरून धरायचं,
तिनं हातच सोडून दिलेले.
सामान जवळजवळ तेवढंच.
छत दबलं, की भिंत बाहेर येणारच.

डॉक्टर ओदिला म्हणाल्या, ही शरीराला जडलेली उलटी सवय,
शिकवली तर सुटू शकते,
दर मंगळवारी या, श्वासापासून सुरू करू.

तुम्ही ऐकत नव्हता.
पडद्याच्या काचेवर बोट ठेवून म्हणालात,
"अस्तर वरून खाली ओढलं गेलंय.
म्हणून कापड पुढं झोकलंय."
जे मला दोन रात्री लागले.

मग अगदी हळू:
"म्हणजे... दिसतं हे?"
दिसतं.

तुम्ही टेप गुंडाळलीत, दोनदा चुकून,
डोळे पुसलेत बाहीला,
आणि दारातून वळून मला सांगितलंत
की माझा पांढरा कोट खांद्यात
एक माप मोठा आहे.