माझ्या डोक्याचा ठराव

रविवारी पहाटे पाचला, अंबाझरीच्या पाळीवर,
चौदा सायकली आडव्या लावून ठराव झाला:
हेल्मेट नाही तर राइड नाही.
बारा हात वर.
एक हात ठवकरचा, बुटाची नाडी बांधण्यात गुंतलेला.
एक माझा, खिशात.

मी म्हटलं, राजेहो, एकतीस वर्षं
कोराडीच्या वीजकेंद्रात पिवळं टोपलं वागवलं मी डोक्यावर.
गेटवर घालायचं, गेटवर काढायचं.
रिटायर झालो त्या दिवशी स्टोअरात जमा केलं,
रजिस्टरवर सही केली, आणि बाहेर येऊन
नुसता उभा राहिलो, टकलाला वारा लागू देत.
हे टक्कल माझ्या मालकीची एकमेव जागा आहे.
प्लॉटवर अजून सोसायटीचं कर्ज आहे.

हसले सगळे. शीला उके हसली नाही.
म्हणाली, "तुमी पडल्यावर उचलन कोन? आमीच न?
मंग आमचंबी थोडं मत असू द्या तुमच्या डोक्यात."
मी म्हटलं, पडेन तर माझा मी पडेन.
"एकट्यानं पडता येत नाही भाऊ," ती म्हणाली,
"पडून पाहा."

यावर उत्तर होतं माझ्याकडे. दोन होती.
आधी हॉलंडचं दिलं, तिथे म्हणे कुणी घालत नाही.
"हॉलंडात वाडी नाका आहे काय?"
मग मी वाडी नाक्यावरच घसरलो:
टोपी मला काहून, ब्रेक त्या ट्रकवाल्यांना लावा,
खड्डे बुजवा, बाजूला हातभर रस्ता सोडा आमच्यासाठी.
हे मी अजूनही म्हणतो. हे खरंच आहे.
खरं असून उपयोग नव्हता, पोहे आले होते.
तर्री वरपर्यंत, लालभडक.
पोटात जाळ घालायला या गावात ठराव लागत नाही.

तेवढ्यात दोन्हीकडे दुधाच्या कॅना लटकावून
एक पोट्टा गेला भन्नाट, उघड्या डोक्यानं.
त्याला कुणी हाक मारली नाही.
तो आमच्या ग्रुपमध्ये नव्हता.

दुपारी सायकल काढली, कॉटन मार्केटला निघालो.
मे महिना. डांबर चाकाला चिकटत होतं.
दारातच बायकोने दुपट्टा पुढे केला
आणि मी न बोलता मान वाकवली.
डोळे सोडून सगळं बांधून घेतलं, खिशात कांदा.
बर्डीवरच्या एका काचेत दिसलो मला मी:
नाक नाही, तोंड नाही, नाव नाही.
हे कुणी सक्तीचं केलं? कोणत्या साली?
तेव्हा कुठे होता माझा हात?

पण बाप्पा, ऊन रजिस्टर पुढे करत नाही.
ऊन म्हणत नाही की बारा विरुद्ध एक.

काचेच्या आत हेल्मेटं टांगलेली.
दुकानदाराने एकावर बोटाने टकटक केली,
टरबूज निवडून द्यावं तशी.
साडेअकराशे. हजारला दिलं.
दुपट्ट्यावरून ते बसेना.
पट्टा ताणला, घासाघीस केली, दुकानदारही लागला ढकलायला.
दोघांपैकी एकालाच जागा होती तिथे.

मी दुपट्टा सोडला नाही.
हेल्मेट उलटं करून हँडलला अडकवलं,
कॉटन मार्केटात त्यातच डझनभर लिंबं घेतली,
अन् निघालो, कुणाचं काय गेलं.

मेट्रोच्या खांबाजवळ खड्डा.
मी सावरलो. एक लिंबू उडालं,
घरंगळत ऑटोच्या चाकाखाली गेलं.
आवाज फार झाला नाही.
मागून कुणी हॉर्न दिला, मी पुढे झालो.

घरी आल्यावर लिंबं ताटात ओतली,
बायको म्हणाली, डझन म्हटलं होतं न?
मी पुन्हा मोजली.
मग एक एक करून, उगाचच,
परत त्या हेल्मेटात ठेवली.