चौतीस पोती

प्रेसमध्ये असताना एक ताव कमी भरला
तर गेट उघडत नसे.
रात्रीचे अकरा वाजलेले असोत,
घरी पोर तापाने फणफणलेलं असो,
आम्ही बायका बाकांवर बसून राहायचो
आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.
खराब छपाईचा ताव नष्ट करायलासुद्धा
तीन सह्या लागत.

आता जेलरोडच्या घरामागे
मी पानं मोजते. म्हणजे, पोती मोजते.
बदामाची सात. पेल्टोफोरमची अकरा.
बोगनवेलीचं एक, दोन्ही हात ओरबाडून घेऊन भरलेलं.
सहा कडुनिंबाची.

घंटागाडीवरची यमुना गांगुर्डे म्हणाली,
"मावशी, हे ओल्यात घालायचं की सुक्यात?"
मी म्हटलं, पान नेमकं कधी सुकं झालं
हे झाडालातरी कुठं विचारलंय कुणी.
ती हसली नाही. तिला अजून चौदा गल्ल्या होत्या.
"फांद्या तर चालतच नाहीत," म्हणाली,
आणि गाडी आपलं गाणं वाजवत वळणावरून गेली.

समोरचे निकुंभ दर रविवारी काडी लावत.
धूर माझ्या दोरीवरच्या चादरीत येऊन बसे.
भांडायला म्हणून गेले,
आणि कसं कोण जाणे,
त्यांची नऊ पोती ओढत घेऊन आले.

पेठकडचा काळू भोये बागकामाला येतो.
त्याने जाळीचा पिंजरा उभा केला,
पानांचा एक थर, शेणकाल्याचा एक,
वर आंबलेलं ताक, गुळाचं पाणी.
"उपाशी पान कुजत नाही," म्हणाला.
मी निकुंभांच्या धुराचं सांगितलं
तर तो जरा वेळ गप्प राहिला.
"आम्ही पण भाजतो की. राब भाजतो.
पण त्याला जागा ठरलेली, वेळ ठरलेली,
त्या राखेत रोप धरतं.
तुमच्याकडं नुसता रविवार बघून भाजतात."

डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात आला
त्या सकाळी ढिगातून वाफ निघत होती.
गल्लीतलं लंगडं कुत्रं पाठ लावून झोपलेलं.
मी कोपरापर्यंत हात आत घातला
आणि लगेच बाहेर काढला,
इतका चटका.
मग पुन्हा घातला, सावकाश.
सुटी मिळाल्यावर रात्री घरी धावत येऊन
पोराच्या कपाळावर ठेवायचे
तोच हात.
तेव्हा ताप उतरावा म्हणून देव पाण्यात,
आता ताप टिकावा म्हणून
मी रोज खोऱ्याने कूस बदलते आहे त्याची.

मे महिन्यात चाळायला बसले.
जाळीवर काय काय उरलं:
संक्रांतीचा नायलॉन मांजा, जसाच्या तसा,
अजून बोट कापेल असा.
शाम्पूची पुडी. केसांची अर्धी क्लिप.
बदामाच्या एका पानाच्या नुसत्या शिरा,
त्या मात्र मी परत ढिगात टाकल्या,
राहिलाय अभ्यास तुझा, म्हटलं.

भरली साडेपाच पोती.
पुन्हा मोजली. साडेपाचच.
साडेअठ्ठावीस पोती माझ्या ताब्यातून गेली
आणि शिट्टी वाजली नाही, झडती झाली नाही,
कुणी कुणाला बाकावर बसवून ठेवलं नाही.
छत्तीस वर्षांची सवय,
घशाशी काहीतरी आलंच थोडं.
मग चहा केला.

संध्याकाळी निकुंभ आले,
हातात बोर्नव्हिटाचा रिकामा डबा.
काय हवंय ते बोलेनात,
जास्वंदीबद्दल काहीबाही सांगत राहिले,
मावा पडलाय, कळ्या गळतात.
मी डबा घेतला, दाबून भरला,
वर आणखी एक ओंजळ.

झाकण लावता लावता त्यांनी वास घेतला,
"याला तर काहीच वास नाही हो."
आहे, म्हटलं. चष्मा काढा. नाक आत घाला.