मुंजाजीचा आलेख

पहिल्यांदा त्यानं वर्तुळ काढलं,
बहुधा आईची बांगडी ठेवून,
कारण कंपास दोघांत एक आणि तो दुसऱ्याकडे.
माठ, स्टीलची कळशी, प्लास्टिकचा कॅन:
तीन फोडी, तीन रंग.
माठाला हिरवा, कारण हिरवा तेलखडू सगळ्यात लांब उरलेला.
मी विचारलं, मुंजाजी, ही अख्खी भाकर कशाची?
सत्तावीस अंश, छत्तीस अंश, चौतीस अंश
मिळून काय होतं?
त्यानं बेरीज केली. सत्त्याण्णव, म्हणाला.
मग स्वतःच हसला.
सत्त्याण्णव अंशांचं पाणी
अख्ख्या वसमतमध्ये फक्त चहावाल्याकडे.

दुसऱ्यांदा खांब.
खांब वाईट नसतात.
चार वाजता कोण कुठं पोचलं एवढंच सांगायचं तर
प्रार्थनेला उंचीनं उभ्या केलेल्या पोरांसारखे
ते पुरतात.
पण पाणी दहापासून चारपर्यंत व्हरांड्यात बसून होतं,
दर अर्ध्या तासानं हा गुडघे टेकून
एक डोळा मिटून आकडे वाचत होता.
ते सहा तास कुठं गेले?
खांबाच्या पोटात?

तेव्हा मग रेषा.
आडव्या अक्षावर वेळ, कारण वेळ कुणाचंच ऐकत नाही.
उभ्यावर तापमान, ते बिचारं सगळ्यांचं ऐकतं:
उन्हाचं, वाऱ्याचं, माठाच्या घामाचं.
"बाई, शून्यापासून कामून? पंचवीसपासून धरू की.
मंग माठ बगा कसा धाडकन खाली येतो."
त्याला काय पाहिजे ते मला कळत होतं.
मागच्या साली हिंगोलीच्या प्रदर्शनात
एक छापील तक्ता पहिला आला होता,
खांबांचे पाय कापलेले,
अर्ध्या अंशाचा फरक मिनाराएवढा.
मी म्हटलं, धर पंचवीसपासून,
रेषेला हलायला जागा लागते.
पण अक्षाच्या बुडाशी नागमोडी खूण कर.
बघणाऱ्याला कळू दे, खाली जमीन होती,
आपण ती दुमडून ठेवली.

एकच्या रेघेवर माठाचा बिंदू उडालेला.
साडेतीस.
अर्ध्या तासापूर्वी साडेसत्तावीस होता.
"ह्यो येडा हाय बाई. खोडू?"
रबर कागदाला टेकलेलं,
बाजूला अंगठ्याचा पिवळा ठसा.
आमच्या पोरांच्या नखांत हळद शिमग्यापासूनच असते.
काल एक वाजता काय झालं रे?
"काईच नाही."
काहीच नाही कसं?
तो छताकडं बघत राहिला. पंखा बंद होता.
मग हळूहळू: खिचडीची सुट्टी झाली.
केवळाबाई चुलीपुढून उठल्या,
पदरानं कपाळ पुसलं,
चार तांबे एका दमात,
एक पोटात, तीन डोक्यावर,
आणि माठ अर्धा ठेवू नये म्हणून
टाकीचं पाणी ओतलं, उन्हानं पोळलेलं.
प्रयोग त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.
सांगितला असता तरी त्या प्यायल्या असत्या,
आणि बरोबरच होतं ते.

बिंदू राहिला.
तिथं रेष तोडली, पुढं नव्यानं सुरू केली.
एक बाण, मुंग्यांएवढ्या अक्षरांत:
'१२.५० वा. केवळाबाई पाणी प्याल्या. माठ पुन्हा भरला.'

प्रदर्शनात नंबर आला नाही.
परीक्षकांनी विचारलं, रंग का नाहीत,
आणि हा पिवळा डाग कशाचं माप?
मुंजाजी खरं तेच बोलला, अंगठ्याचं.

कागद आता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय.
केवळाबाईंनी चष्मा नसताना बघितलं,
"मी कोणती यातली?"
त्यानं बोट ठेवलं.
"एवढुशी?" म्हणाल्या, जरा रागानंच.

तेव्हापासून तांब्या बुडवायच्या आधी
त्या व्हरांड्याकडं तोंड करून ओरडतात:
प्यू का रे,
का आज बी मांडायलास?