गहाळ

एकतीस वर्षं मी दगड शिकवले.
सिताबर्डीच्या टेकडीपाशी पोरं उभी करून सांगायचो,
खाली तो जुना पट्टिताश्म, वर हा काळा बेसाल्ट,
आणि दोघांच्या मधली कोट्यवधी वर्षं
गहाळ.
"गहाळ म्हणजे गेली कुठं, सर?"
दरवर्षी मागून कोणीतरी विचारायचंच.
परीक्षेला येत नाही ते, मी म्हणायचो,
आणि डबा खायला निघायचो.

पहिली गोष्ट लिहिली ती पर्यवेक्षण करताना.
एप्रिलचा शेवट, हॉलमधल्या कूलरचं पाणी संपलेलं,
नुसती गरम हवा भिरभिरत होती वाळ्यातून.
शिल्लक पुरवणीच्या पहिल्या ओळीवर
मी एक नाव लिहिलं. नसलेल्या माणसाचं.
आणि मान वर करून चारी बाजूंना पाहिलं,
कॉपी करणारं पोट्टं पाहतं तसं.

नाव तेवढं खोटं होतं.
बाकी तो आमचा रेवाराम उईके होता,
प्रयोगशाळेतला,
प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन
त्यावर बारीक ब्रशनं क्रमांक घालणारा.
गोष्टीत त्याची बायको मरते.
पान अकरा. पावसात नाही, दवाखान्यात नाही,
नळावरून घागर आणताना, उगीच.
मला वाटलं, छान जमलं.

दिवाळी अंक त्यानं विकत घेतला, स्वतःच्या पैशानं.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी, क्वार्ट्झ पुसता पुसता,
"भागरताले काऊन मारलं जी, सर?"
मी समजावलं. कथेची गरज, परिणाम वगैरे.
फळ्यावर आकृती काढायची तेवढी राहिली.
दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली,
मोहफुलाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन,
दारात उभी राहिली अन् म्हणाली,
"घ्या, मेलेल्या बाईच्या हातच्या."
आणि हसली, अशी हसली
की कपाटातले नमुने खडखडले असतील.

नंतर पुस्तकं झाली, तीन.
एक शाल आली, एक नारळ, एक पितळी फ्रेम.
लोक प्राध्यापक म्हणायचे सोडून लेखक म्हणू लागले
आणि मी दोन्ही हाकांना ओ द्यायला
जरा उशीरच करू लागलो.
मी माणसं मारली, नांदवली, गावं बदलली त्यांची,
कोणी डबा घेऊन आलं नाही पुन्हा.

परवा मारबतीचा दिवस.
महालातून ढोल, माणसांचा लोंढा,
काळी-पिवळी इडापीडा शहराबाहेर चाललेली,
आणि त्या गर्दीतून उलटा येत येत
उईके माझ्या दारात.
दाढी वाढलेली. चप्पल एकच, दुसरी गर्दीत गेली.
"गेली जी," म्हणाला. "मेडिकलमध्ये. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."
मी पाणी दिलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं.
"तुम्ही मारली तवा ती हासली होती.
आता तुमच्या गोष्टीत वापस आणा."

हे होत नसतं, हे मला शिकवायला येतं.
थर एकदा दबला की दबला.
तरी कागद घेतला.
लिहिलं, भागरता मेडिकलच्या फाटकातून बाहेर येते,
डोक्यावर पदर घेते—
"पदर नाही," उईके म्हणाला. "उन्हात पिशवी धरायची."
पिशवी धरते. रिक्षावाल्याला—
"रिक्षा कायची? चालत यायची बाप्पा, पैसे वाचवून."
चालते.
असं रात्रीपर्यंत. ढोल थांबले,
तो एकेक शब्द खोडायला लावत होता,
इतका कडक तपासनीस मीही कधी नव्हतो.

पान भरलं तेव्हा त्यानं ते माझ्याकडून घेतलं,
आणि जुन्या सवयीनं कोपऱ्यात
बारीक अक्षरात लेबल लिहिलं.
क्रमांक: एक.
नाव: भागरता रेवाराम उईके.
सापडल्याचं ठिकाण:

तिथं पेन थांबलं.
पान माझ्याकडे सरकवत म्हणाला,
"हे तुम्ही भरा, सर."